हे तुला कळलं कसं?

देसाईगंज, म्हणजे वडसा. आज ते गडचिरोली जिल्ह्यात आहे, १९७२ साली चंद्रपूर जिल्ह्यात होतं. त्या वर्षीच्या २६ मार्चच्या रात्री तिथल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीला जबाबासाठी बोलावलं होतं. वय चौदा ते सोळाच्या मध्ये कुठेतरी. आईवडील नव्हते. भावाजवळ राहायची, मजुरी करायची. जबाब झाल्यावर बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं आणि तिला आत ठेवून घेतलं. दिवे मालवले गेले, दार लागलं. बाहेर तिची माणसं उभी होती आणि आत दोन पोलीस होते.

सत्र न्यायालयाने १९७४ साली दोघांना सोडलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ साली दोषी धरलं. एकाला पाच वर्षं, दुसऱ्याला एक वर्ष. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९७८ मध्ये पुन्हा दोघांना सोडलं. कायद्याच्या पुस्तकात हा खटला 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' म्हणून छापलेला आहे, पण सगळीकडे तो त्या मुलीच्याच नावाने ओळखला जातो. पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, हे कायद्यात आलं १९८३ साली. तिला त्याचा उपयोग झाला नाही. मी ते नाव इथे लिहीत नाही.

संमती म्हणजे काय, हे आता कायद्याने लिहून ठेवलं आहे. त्यावर बोलायला बसलं की माणसं लवकरच दोन बाजूंना सरकतात, आणि दोन्ही बाजूंकडे ऐकण्यासारखं काही असतं असा माझा अनुभव आहे. म्हणून हा संवाद. यातला मामा नागपूरच्या जिल्हा न्यायालयात आयुष्यभर आरोपींच्या बाजूने उभा राहिलेला फौजदारी वकील आहे. भाची पोलीस ठाण्याच्या महिला कक्षात समुपदेशक आहे. दोघंही मी रचली आहेत. त्यांच्या तोंडी असलेली कलमं, तारखा आणि निकाल खरे आहेत. मी या दोघांच्या मधोमध बसलेलो नाही, हेही आधीच सांगतो.

मामा: त्या निकालाला नावं ठेवणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तो वाचलाय. मी वाचलाय. मुलीची वैद्यकीय तपासणी झाली दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. अंगावर जखम नाही. त्या दोघांतल्या हेड कॉन्स्टेबलबद्दल फिर्यादीत एक सांगितलं, कोर्टात दुसरं. असा पुरावा असला की बचावाचा कुठलाही वकील संशयाचा फायदा मागणारच. न्यायाधीशाला तो द्यावाही लागतो. फौजदारी कायदा त्याच पायावर उभा आहे.

भाची: नुसता संशयाचा फायदा दिला असता तर मी इतकी चिडले नसते, मामा. पण न्यायालय तिथे थांबलं नाही. जखम नाही, म्हणजे जे झालं ते शांततेत झालं, असा निष्कर्ष काढला. रात्रीची वेळ, बंद ठाणं, वर्दीतले दोन पुरुष, आणि भावाशिवाय जगात कुणी नसलेली मुलगी. तिने तिथे पोलिसांशी झटापट करायला हवी होती?

मामा: तेव्हाचा कायदा काय मागत होता ते बघ. भीतीपोटी दिलेली संमती ही संमती नाही, हे दंड संहितेच्या कलम ३७५ मध्ये, बलात्काराच्या व्याख्येत, होतंच. पण ती भीती मृत्यूची किंवा दुखापतीची हवी होती. तशी धमकी दिल्याचा पुरावा कुठे होता?

भाची: ते झालं तिसरं पोटकलम. दुसऱ्या पोटकलमात नुसतं 'तिच्या संमतीशिवाय' एवढंच होतं, त्याचं काय? उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार प्राध्यापकांनी १६ सप्टेंबर १९७९ ला सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, त्यात हाच मुद्दा होता. धमकी सिद्ध झाली नाही असं धरा. म्हणून ती राजी होती, हे कुठून आलं? विरोधाची खूण सापडली नाही एवढ्यावर संमती गृहीत धरली गेली. आणि शोध कुठे घेतला? तिच्या शरीरावर. सत्र न्यायालयाने तर तिचे आधी शरीरसंबंध आलेले होते, ही गोष्टसुद्धा तिच्या विरोधात मोजली.

मामा: ते चुकीचंच होतं. नागपूर खंडपीठाने बरोबर सांगितलं होतं की भीतीने हातपाय गळून सोसणं म्हणजे संमती नव्हे.

इथे मला मध्ये बोलायचं आहे. नागपूरच्या न्यायमूर्तींनी १९७६ साली जी गोष्ट ओळखली, ती संसदेने कलमाच्या मजकुरात घालायला २०१३ साल उजाडलं. मधली सदतीस वर्षं गेली. वडशाच्या खटल्यामुळे मुंबईपासून दिल्लीपर्यंत बायका रस्त्यावर आल्या, 'फोरम अगेन्स्ट रेप' उभा राहिला, आणि १९८३ साली कायद्यात दुरुस्ती झाली. पोलीस, तुरुंग, रुग्णालय अशा ताब्यातल्या बाईवर अत्याचार झाला, संबंध आल्याचं सिद्ध झालं आणि 'माझी संमती नव्हती' असं तिने न्यायालयात सांगितलं, तर न्यायालयाने संमती नव्हती असंच धरायचं. पुरावा कायद्यातलं ते कलम ११४अ. मोठी गोष्ट होती, पण ती ठरावीक परिस्थितींपुरती. घरात, शेतात, लॉजवर, होस्टेलवर, नात्यातल्या माणसाकडून जे घडतं, तिथे जुनीच नजर कायम राहिली.

भाची: आणि माझ्याकडे येणाऱ्या बायका तिथूनच येतात. नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरोचा कुठल्याही वर्षाचा अहवाल उघडा. आरोपी बहुतेक वेळा ओळखीतलाच. आतेभाऊ, शेजारी, शिकवणीचा सर, मुकादम. ओळखीच्या माणसाने हात धरला की बाई आधी गोंधळते, घाबरते, मग तिचं अंग बर्फासारखं गोठतं. ती ओरडत नाही, ओरबाडत नाही. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकही करते. हे सगळं नंतर उलटतपासणीत तिच्याच विरोधात येतं. तुम्हीच विचारले असतील हे प्रश्न.

मामा: विचारलेत. ओरडलात का, कुणी ऐकलं का, कपडे फाटले का, फिर्याद द्यायला चार दिवस का लागले. माझ्या अशिलासाठी ते विचारणं माझं काम होतं. तुला राग येईल, पण ज्याला दहा वर्षं आत जायचंय त्याच्याकडून बोलणारा एक तरी माणूस कोर्टात लागतो.

भाची: राग नाही येत. पण ते प्रश्न विचारायला जागा का मिळते, ते सांगा.

मामा: आता तेवढी जागा राहिलेली नाही. संमतीचा वाद असेल तिथे बाईच्या चारित्र्याबद्दल किंवा आधीच्या संबंधांबद्दल विचारता येत नाही. बोटांनी केली जाणारी कौमार्याची 'टू फिंगर टेस्ट' सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली चुकीची ठरवली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये बजावलं की यापुढे ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल. आणि २०१३ ची व्याख्या तर तुझ्या बाजूची आहे.

ती व्याख्या पूर्ण डोळ्यांपुढे असलेली बरी, कारण वादात ती बहुधा अर्धीच सांगितली जाते. १६ डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर न्यायमूर्ती जगदीश शरण वर्मा यांची समिती बसली. तिने २३ जानेवारी २०१३ ला अहवाल दिला आणि त्याच वर्षी कायदा बदलला. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या कलम ६३ मध्ये तोच मजकूर पुढे आला आहे. त्याचा आशय असा: संमती म्हणजे नि:संदिग्ध आणि स्वेच्छेची कबुली. स्त्रीने शब्दांनी, खुणेने किंवा दुसऱ्या कुठल्याही प्रकारे त्या विशिष्ट कृतीत सहभागी व्हायची तयारी कळवलेली असली पाहिजे. आणि तिने शरीराने विरोध केला नाही, केवळ एवढ्यावरून ती राजी होती असं धरायचं नाही.

यात 'कळवलेली असली पाहिजे' हा भाग मला सगळ्यांत मोठा वाटतो. जुन्या कायद्यात न्यायालय विचारायचं, तिने काय केलं? आता विचारायला हवं, तिच्याकडून त्याच्यापर्यंत काय पोचलं? आणि दुसरं, 'त्या विशिष्ट कृतीत'. सिनेमाला येणं, गाडीत बसणं, खोलीवर येणं, चुंबनाला होकार देणं, यांतली कुठलीही गोष्ट पुढच्या गोष्टीची परवानगी होत नाही.

भाची: व्याख्या माझ्या बाजूची आहे म्हणता. मग दिल्ली उच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०१७ चा निकाल घ्या. बाई सुशिक्षित, आरोपी ओळखीचा, दोघांत आधी मैत्री. खालच्या कोर्टाने सात वर्षं दिली होती. उच्च न्यायालयाने संशयाचा फायदा देऊन सोडलं. म्हणे बाईचा क्षीण नकार म्हणजे कधी कधी होकारही असू शकतो, आणि तिला खरंच नको होतं हे आरोपीला कळलं की नाही याबद्दल शंका आहे. नवी व्याख्या लागू होऊन चार वर्षं झाली होती, मामा! व्याख्या म्हणते होकार कळला पाहिजे. निकाल म्हणतो नकार पुरेसा जोरात हवा.

मामा: आरोपीच्या मनात काय होतं हे बघावंच लागेल. मन बघितल्याशिवाय गुन्हा ठरत नाही.

भाची: बघा ना. तेच तर मी मागतेय. त्याचं मन बघा. हे तुला कळलं कसं, एवढं त्याला विचारा. ती तयार आहे असं तुला वाटलं, कशावरून? काय म्हणाली? दार कुणी लावलं? ती रडत होती तेव्हा तू काय समजलास?

मामा: नाही विचारता येत. राज्यघटनेच्या कलम २० प्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध बोलायला लावता येत नाही. पुरावा संपला की न्यायाधीश त्याचा जबाब घेतात, आम्ही त्याला अजूनही तीनशे तेराचा जबाब म्हणतो, नव्या संहितेत नंबर बदलला तरी. तिथे शपथ नसते. माझे अशील नव्वद टक्के वेळा एकच सांगतात: सगळं खोटं आहे, मला गोवलंय. आणि तसं सांगा असं मीच त्यांना सांगतो. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात मी माझा माणूस उभा करत नाही. बाईला मात्र उभं राहावंच लागतं, कारण फिर्याद तिची आहे.

भाची: म्हणजे दोन माणसांमध्ये जे झालं त्याची चौकशी फक्त एकाची होते.

मामा: होय. आणि ती व्यवस्था वाईट माणसांसाठी म्हणून बनलेली नाही. पोलिसांनी मारून कबुली घेतलेली माणसं मी पाहिलीत. पारध्यांची पोरं पाहिलीत, ज्यांना गावात काहीही झालं की उचलतात. गप्प राहण्याचा हक्क काढलास तर पहिला बळी त्यांचा जाईल.

हे मामाचं सगळ्यांत वजनदार म्हणणं आहे आणि मला ते मान्य आहे. आरोपीचा मौनाचा हक्क राहिला पाहिजे. पण त्यातून भाचीचा प्रश्न मिटत नाही, कारण तो प्रश्न आरोपीच्याच तोंडून सोडवावा लागतो असं नाही. तपास अधिकाऱ्याला विचारता येतं की आजूबाजूची परिस्थिती गोळा केलीस का. खोलीची किल्ली कुणाकडे होती, मोबाइलवरचे आधीचे-नंतरचे मेसेज काय सांगतात, ती परत कशी गेली, त्याने दुसऱ्या दिवशी तिला काय लिहिलं. वर्षानुवर्षं पंचनाम्यात बाईची चादर आणि कपडे येतात. पुरुषाचं वागणं येत नाही. आणि बचाव संमतीचा घेतला असेल तर त्या बचावाच्या वकिलाला न्यायाधीश विचारू शकतात की संमतीची कुठली खूण तुम्ही दाखवताय. विरोध दिसला नाही हे उत्तर आता कायद्यानेच बाद केलं आहे. कायदा बदलला, तपासाचं वळण बदललेलं नाही.

मामा: आता मला बोलू दे. संमतीची व्याख्या मला मान्य. पण तिच्या नावाखाली काय काय चाललंय तेही बघ. पाच वर्षं एकत्र फिरले, राहिले, मग लग्न मोडलं की बलात्काराचा गुन्हा. माझ्याकडची अर्धी प्रकरणं तशी. पोरगा सहा महिने आत.

भाची: सगळी खोटी नसतात ती.

मामा: खोटी म्हणतच नाही मी. दुःख खरं असतं. पण ते फौजदारी कोर्टाचं दुःख आहे का? महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१९ मध्ये नीट सांगितलं: वचन मोडणं वेगळं आणि पहिल्या दिवसापासून मोडायच्याच इराद्याने वचन देणं वेगळं. दुसऱ्यातच फसवणूक आहे, आणि तेही त्या वचनामुळेच तिने होकार दिला असेल तर. मग न्याय संहितेने कलम ६९ नवं आणलं. कपटाने किंवा लग्नाचं खोटं वचन देऊन संबंध ठेवला तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा. बलात्कार नाही, पण वेगळा गुन्हा. आता सांग, इरादा पहिल्या दिवशी काय होता हे मी पाच वर्षांनी कसं ओळखू?

भाची: कलम ६९ मलाही पटत नाही, तुम्हाला आश्चर्य वाटेल. बाईच्या होकाराची किंमत लग्नात मोजल्यासारखं होतं ते. पण एक सांगते. त्या २०१९ च्या प्रकरणात मुलाने लग्नाला नकार देताना जातीचं कारण पुढे केलं होतं, हे निकालातच आहे. माझ्याकडे येतात त्यातल्या कितीतरी मुलींचं हेच असतं. फिरताना जात आड आली नाही. लग्नाच्या वेळी त्याच्या घरच्यांना ती आठवली. त्या मुलीला बलात्काराचं कलम नको असतं. तिला कुणीतरी त्याच्या घरासमोर उभं राहून 'तू चुकलास' म्हणायला हवं असतं. आपल्याकडे त्यासाठी ठाण्याशिवाय दुसरी जागा नाही.

मामा: हे खरं बोललीस.

भाची: आणि अठराच्या खालच्यांचं तुम्ही बोलणार असाल, तर तिथेही मी तुमच्याबरोबर आहे.

त्यावर दोघं फार वेळ थांबत नाहीत, मीही थांबत नाही. २०१२ पर्यंत संमतीचं वय सोळा होतं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा आल्यावर ते अठरा झालं. वर्मा समितीला सोळाच ठेवायचं होतं, संसदेने ऐकलं नाही. त्यामुळे सतरा वर्षांची मुलगी आपल्या मर्जीने एकोणीस वर्षांच्या मुलाबरोबर गेली तरी कायद्याच्या नजरेत तिची मर्जी नसतेच. फिर्याद बहुधा बापाची असते आणि त्यामागे बहुधा जात असते. विधी आयोगाने २०२३ च्या आपल्या २८३ व्या अहवालात वय कमी करू नका म्हटलं, पण सोळा ते अठराच्या प्रकरणांत शिक्षेबाबत न्यायाधीशाला तारतम्य वापरू द्या अशी शिफारस केली. ती शिफारस चांगली आहे. ती अमलात यायला हवी.

मामा: तारतम्य! हाच माझा दुसरा मुद्दा. २०१३ पर्यंत विशेष कारण नोंदवून न्यायाधीशाला किमान शिक्षेपेक्षा कमी शिक्षा देता यायची. ती मुभा काढून टाकली. २०१८ मध्ये किमान शिक्षा सातावरून दहा वर्षांवर नेली. तुम्हा लोकांना वाटलं, कडक झालं. मी कोर्टात बसून काय पाहिलं सांगू? प्रकरण थोडं जरी धूसर असलं की न्यायाधीशाचा हात अडतो. चार वर्षं द्यायला तो तयार असतो. दहा द्यायला कचरतो, आणि मग निर्दोष लिहितो.

भाची: फाशी मागायला रस्त्यावर आलेल्यांत मी कधीच नव्हते. वर्मा समितीनेही बलात्काराला फाशी नको असंच म्हटलं होतं. माझ्याकडची बाई फाशी मागत नाही. तिला हवं असतं की ठाण्यात तिचं म्हणणं पहिल्या फेरीत लिहून घ्यावं, खटला सात वर्षं रेंगाळू नये, साक्षीदार फितूर होऊ नयेत. शिक्षा वाढवायला सरकारचा एक पैसा लागत नाही. हे बाकीचं करायला लागतो. आणि हो, पोरांचं कुणी बोलत नाही. एकोणीस वर्षांच्या मुलावर होस्टेलमध्ये अत्याचार झाला तर जुन्या दंड संहितेत अनैसर्गिक संबंधांचं कलम ३७७ तरी होतं. न्याय संहितेत तेही नाही. त्याला मी कुठलं कलम सांगू? दुखापतीचं?

मामा: ते मोठं भगदाड आहे. कुणी का ठेवलं ते मला समजत नाही.

भाची: त्याहून मोठं भगदाड कलम ६३ च्या शेवटी आहे. अपवाद दुसरा. पत्नी अठराची पूर्ण असेल तर पतीने केलेला संबंध बलात्कार नाही. संमतीची इतकी सुंदर व्याख्या लिहिली आणि खाली लिहिलं, हे सगळं एका माणसाला लागू नाही.

मामा: तो अपवाद १८६० पासूनचा आहे. नवरा-बायकोच्या खोलीत पोलीस घुसवायचा का, हा साधा प्रश्न आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तेच सांगितलं. नवऱ्याला दुसरी कलमं लागतात, बलात्काराचं लावणं जास्त कठोर होईल.

भाची: पोलीस त्या खोलीत आधीच आहे, मामा. नवऱ्याने बायकोला काठीने मारलं तर तुम्ही त्याला घरगुती बाब म्हणता का? आणि हा वाद आपल्याला नवा नाही. मुंबईच्या रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं होतं. त्या नवऱ्याकडे नांदायला गेल्याच नाहीत. १८८४ मध्ये दादाजी भिकाजींनी दावा लावला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला, पण मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाते. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली आणि त्या पुढे लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. त्यांचं म्हणणं काय होतं? जे लग्न मी समजून-उमजून केलं नाही ते मला बांधत नाही.

मामा: टिळकांनी तेव्हा काय लिहिलं तेही सांग.

भाची: सांगते ना. टिळक रखमाबाईंच्या विरोधात होते. १८९१ ला संमतिवयाचं बिल आलं तेव्हाही विरोधात होते; परक्या सरकारने आमच्या घरात लक्ष घालू नये, अशी त्यांची भूमिका. आगरकर 'सुधारक'मधून बिलाच्या बाजूने लढले, भांडारकरांनी शास्त्रांचाच आधार काढून दाखवला. ते बिल कशामुळे आलं? कलकत्त्यात दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली होती. बलात्काराचा गुन्हा नवऱ्याला लागू शकत नव्हता, कारण तेव्हाच्या कायद्यात दहा वर्षांवरच्या बायकोच्या संमतीचा प्रश्नच नव्हता. एक वर्षाची सक्तमजुरी झाली. बिलाने दहाचं बारा केलं. आजचा अपवाद दुसरा त्याच कलमाचा वारस आहे. दहाचं बारा, बाराचं पुढे पंधरा, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंधराचं अठरा केलं. दरवेळी आकडा बदलला. त्या आकड्यापुढच्या बाईला विचारायचंच नाही, हे मात्र तसंच राहिलं.

मामा काही वेळ बोलत नाही. त्याच्याजवळ उत्तर नाही असं नव्हे. दिल्ली उच्च न्यायालयाचे दोन न्यायमूर्ती मे २०२२ मध्ये याच प्रश्नावर दोन बाजूंना गेले. एकाने अपवाद घटनाबाह्य म्हटला, दुसऱ्याने ठेवला. ज्या प्रश्नावर उच्च न्यायालय दुभंगलं त्यावर मामाने घाईने मान डोलवावी अशी माझी अपेक्षा नाही. पण माझं मत सांगतो. हा अपवाद गेला पाहिजे. पुरावा मिळणं कठीण हे कारण पुरेसं नाही, कारण पुरावा मिळणं ओळखीच्या प्रत्येक आरोपीबाबत कठीण असतं. आणि कायदा आजही एवढं मानतोच की वेगळ्या राहणाऱ्या पत्नीवर पतीने जबरदस्ती केली तर तो गुन्हा आहे, दोन ते सात वर्षांचा. म्हणजे लग्न कायम असताना नकाराचा हक्क बाईला असू शकतो, हे संसदेला ठाऊक आहे. तो हक्क तिने घराबाहेर पडल्यावरच का मिळावा?

भाची: उद्या माझ्याकडे एक बाई येतेय. लग्नाला अकरा वर्षं. त्याच घरात राहते, माहेरी जायला जागा नाही. तिचं एकच म्हणणं आहे की तो थांबत नाही. ठाण्यात तिला सांगितलं, बाई, हे कलमात बसत नाही.

मामा: कोण म्हणतो बसत नाही? बलात्काराचं नाही बसत. क्रूरतेचं कलम ८५ बसतं. आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, त्याच्या कलम ३ मध्ये लैंगिक छळ स्पष्ट लिहिलाय. दंडाधिकाऱ्याकडे अर्ज लाव. संरक्षणाचा आदेश माग, त्याच घरात राहायचा हक्क माग, वेगळी खोली माग. तेवढं मिळतं.

भाची: अर्जात काय लिहू? सगळे लिहितात तेच? 'शारीरिक व मानसिक त्रास देतो'?

मामा: ते अजिबात नको. ते वाक्य न्यायाधीश दिवसात वीस वेळा वाचतो. कुठल्या रात्री काय झालं ते लिही. ती नाही म्हणाली तर कुठल्या शब्दांत म्हणाली ते लिही. शब्द नसतील आणि तिने पाठ फिरवली असेल, हात ढकलला असेल, तर तेच लिही. मुलं कुठे झोपली होती, ते लिही. त्यानंतर तो काय म्हणाला, तेही.

भाची: त्याने काय समजून केलं, ते?

मामा: हो. आणि तो अर्जाला लेखी उत्तर देईल तेव्हा मला दाखव. हा खटला फौजदारी नाही, त्याला इथे गप्प बसून भागणार नाही. तिचा नकार त्याला कळला होता की नाही, यावर त्याला काहीतरी लिहावंच लागेल. ते उत्तर आलं की आपण बसू.